डोर्सिलाची दुसरी बाजू

तो पोरगा दुकानात शिरला आणि त्याने आपली बॅग थेट माझ्या भावाच्या मांडीवर ठेवली. टेबल समजला की काय, कोण जाणे!

"ए, डोळे फुटले का तुझे?" मी ओरडले. "माणूस बसलाय तिथं!"

"सॉरी, दानी, सॉरी!" त्याने घाईघाईने बॅग उचलली. दानी म्हणजे आजी. शब्द आमच्या लुओ भाषेतला, पण उच्चार पक्का नैरोबीचा. बाप इकडचा, पोरगा तिकडे वाढलेला, हे त्याने तोंड उघडल्याबरोबर कळलं.

माझा भाऊ ओबुंगा काहीच बोलला नाही. तो बोलतच नाही. दोन वर्षांपूर्वी त्याची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. घशातून एखादा अर्धामुर्धा शब्द निघतो, तोही तासभर वाट बघायला लावून. बायको वारली, मुलं नैरोबीत, वर्षाला एक फोन करतात. म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. सकाळी त्याला अंघोळ घालते, लापशी भरवते, दुकानातल्या खुर्चीत आणून बसवते आणि दिवसभर त्याच्यावर करवादत असते. बाजारातल्या बायका म्हणतात, आगुतू, किती गं प्रेम तुझं भावावर! त्यांना काय कळतंय, कपाळ!

किसुमूच्या किबुये बाजारात, मासळीच्या ओळीमागे माझं दुकान. मी गाणी भरून देते. पेन ड्राईव्ह आणा, मेमरी कार्ड आणा, तुमच्या लग्नाला, मयताला, मोटारसायकलच्या स्पीकरला जे हवं ते देते. जुनी बेंगा, म्हणजे आमची लुओ गिटारची गाणी, ती घ्या, परवा नैरोबीत निघालेलं धांगडधिंग्याचं घ्या. त्याआधी वीस वर्षं कॅसेटी भरायची. या जिल्ह्यात कोण काय ऐकतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

पोराचं नाव फिडेल. तिशीचा असेल, डोक्याला बारीक वेण्या, खांद्याला लॅपटॉप. तो आणि त्याचे मित्र म्हणे जुनी बेंगा गाणी शोधून काढतात, साफ करतात आणि नव्या तबकड्यांवर घालतात. सोबत फोटो आणि माहिती असलेलं पुस्तक. नैरोबीतली पोरं त्यावर नाचतात आणि परदेशातले लोक रांगा लावून ती घेतात.

"आमच्या रेकॉर्डचं पहिलंच गाणं तुमच्या भागातलं आहे, दानी," तो म्हणाला. "डोर्सिला!"

मी हातातला चहाचा पत्र्याचा कप टेबलावर ठेवला. खुर्चीत ओबुंगाने मान वर केली.

"बघू तुझं पुस्तक," मी म्हटलं.

त्याने लॅपटॉप उघडून पान दाखवलं. मी चष्मा पुसून वाचलं. डोर्सिला. आसेंबो सनराईज बँड, १९७९. गायक, ओकुलो. मग ढोलवाला, बासवाला, सगळ्यांची नावं. आणि त्याखाली, गिटार: अज्ञात.

अज्ञात! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अज्ञात काय रे? गाणं काय भुताने वाजवलं?"

"खूप शोधलं, दानी. ओकुलो वारले, बाकीचेही गेले. कुणालाच आठवत नाही. पण काय गिटार आहे ती! मला तर वाटतं आमच्या अख्ख्या रेकॉर्डमध्ये तशी दुसरी नाही. ऐका तरी, आम्ही किती स्वच्छ केलंय."

त्याने गाणं लावलं. खरंच स्वच्छ केलं होतं. ओकुलोचा आवाज समोर बसल्यासारखा आला. डोर्सिला, तू बसमध्ये बसलीस आणि माझी चप्पल तुझ्या पिशवीत राहिली, हे सगळं रडगाणं. त्याच्या मागून गिटार चढायला लागली. ओबुंगाची डावी बोटं खुर्चीच्या हातावर हलायला लागली. मी पाहिलं, पोराने पाहिलं नाही, तो डोळे मिटून मान डोलावत होता. गिटार चढत चढत अशा जागी आली की आता सुटणार, आता पळणार, आणि तिथंच गाणं संपलं.

"पुढचं कुठाय?" मी म्हटलं.

"पुढचं?"

"दुसरा भाग, मेल्या! बेंगा दोन बाजूंची असते हे तुला कुणी शिकवलं नाही? एका बाजूला गाणं, दुसऱ्या बाजूला गिटार सुटते आणि नावं घेतात. कुणी वाजवलं, कुणाची पोरं, कुणी जेवू घातलं, सगळी नावं दुसऱ्या बाजूला असतात. ती तू कापलीस आणि वर तोंड करून अज्ञात लिहितोस? परदेशी गिऱ्हाइकांना आमची नावं ऐकून कंटाळा येतो का?"

आवाज एवढा चढला की समोरची ओमेना विकणारी बाई सुकी मासळी पाखडायची थांबून बघायला लागली.

"दानी, शप्पथ, मी काही कापलं नाही," पोरगा हात जोडायच्या बेतात आला. "आम्हाला मिळालं तेच एवढं. जिकडे तिकडे एकच प्रत फिरतेय. फोनमध्ये, इंटरनेटवर, मोटारसायकलवाल्यांकडे. मूळ रेकॉर्ड कुणाकडेच नाही. दुसरा भाग मी आजवर कुठंच ऐकला नाही."

"खोटं!"

"हे बघा, साफ करण्याआधीचं ऐकवतो. त्यावरूनच माग काढत किसुमूला आलोय."

त्याने दुसरं बटण दाबलं. तेच गाणं, पण खरखरीत, मागे कोंबडी ओरडतेय, बसचा हॉर्न वाजतोय. कुणीतरी स्पीकरसमोर फोन धरून भरलेलं. गिटार चढली, त्या जागी आली, आणि एका बाईचा खणखणीत आवाज मध्ये घुसला.

"बास! एवढंच! पुढचं काही ऐकण्यासारखं नाही. बंद कर!"

तो आवाज माझा होता.

पोरगा माझ्याकडे बघत होता. मघाशी तो आवाज त्याने दुकानात चांगला दहा मिनिटं ऐकला होता, त्यामुळे त्याला विचारायची गरजच नव्हती. मी स्टुलावर बसले. पंधरा वर्षांपूर्वी मी ते भरलं होतं, इथंच, या टेबलावर, आणि फोन धरणाऱ्या पोराला बंद कर म्हणाले होते. मग पहिल्या गिऱ्हाइकाला दिलं, दुसऱ्याला दिलं. त्याने भावाला पाठवलं, भावाने मोम्बासाला पाठवलं. सगळ्या जगात डोर्सिला अर्धी गेली ती माझ्यामुळे.

आता तुम्ही विचाराल, का? सांगते. चाळीसेक वर्षं कुणाला सांगितलं नाही, आज सांगते.

माझं लग्न झालं तेव्हा मी अठरा वर्षांची. नवऱ्याकडून आमच्या घरी सात गायी आल्या. आमच्याकडे बहिणीच्या लग्नात आलेल्या गायी भावाच्या लग्नाला जातात, त्यात माझं काही म्हणणं नव्हतं. पण ओबुंगाने त्यातली सगळ्यात चांगली गाय, तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, गुपचूप विकली आणि गिटार घेतली. बाप बोंबलला, आई रडली. मी सासरी होते. मला कळलं तेव्हा हसूच आलं. म्हटलं, वेडाच आहे माझा भाऊ, वाजवू दे.

वर्षभरात ते हसू आटलं. नवरा मारायचा. एकदा डोळा सुजलेला, ओठ फाटलेला, अशी मी माहेरी आले. म्हटलं, मी परत जाणार नाही. आमच्यात बाईने नवरा सोडला तर गायी परत कराव्या लागतात. सात आल्या, सात मोजून द्यायच्या. बापाने गोठ्यात उभं राहून मोजल्या, सहा भरल्या. सातवी तर गिटार झाली होती! सासरा म्हणाला, सहा नको, सात हव्यात, नाहीतर पोरगी पाठवा. मला पाठवलं. बाप स्वतः बसमध्ये बसवून आला. ओबुंगा त्या दिवशी तालमीला गेला होता. त्या एका गायीपायी मी आणखी तीन वर्षं मार खाल्ला. शेवटी नवराच दुसरी घेऊन पळाला, तेव्हा सुटले.

आणि त्या तीन वर्षांतच डोर्सिला निघालं. बंदराजवळच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी पहिल्यांदा वाजवणार होते. मी सासरी खोटं सांगून गेले. आमच्याकडे गाणं चालू असताना कुणीही उठून टेबलावर बाटली ठोकू शकतो. बाटली ठोकली की बँड थांबतो. ठोकणाऱ्याने थाळीत पैसे टाकायचे आणि मग आपलं किंवा आपल्या माणसाचं नाव घेऊन मिरवायचं. मी अमक्याची लेक, माझा भाऊ असा, माझी गाय तशी. मग बँड पुन्हा सुरू. लोक खिसे रिकामे करून मिरवतात. पण वाजवणारा स्वतः जी नावं घेतो, ती फुकट असतात, मनापासूनची असतात.

त्या दुपारी ओबुंगाने गिटार सोडली आणि नावं घ्यायला लागला. आईचं नाव घेतलं. मामाचं घेतलं. बँडचे शर्ट शिवणाऱ्या शिंप्याचं, फुकट गिटार नेऊ देणाऱ्या बस कंडक्टरचं. दारू गाळणाऱ्या म्हातारीचं घेतलं हो! मी भिंतीला टेकून उभी होते, हातात एक नाणं घट्ट धरून. वाट बघितली. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा, आणि मान खाली घालून गिटार वाजवली. ते नाणं मी थाळीत टाकलं नाही. बाटलीही ठोकली नाही. तशीच निघाले आणि बस पकडली.

आई गेल्यावर तिच्या पेटीत ती रेकॉर्ड मला सापडली. गिऱ्हाईक मागायचं म्हणून पहिली बाजू भरली. दुसऱ्या बाजूवर मी सुई कधीच टेकवली नाही. त्याने माझं नाव गिळलं, मी त्याचं गिळलं. फिटंफाट, असं मला वाटायचं.

आणि एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. पाच-सहा वर्षांपूर्वी डोर्सिला पुन्हा गाजायला लागलं. हरेक मोटारसायकलवर तेच. तेव्हा ओबुंगा धडधाकट होता, बंदरावर मासळीचा बर्फ फोडायचा. तो म्हणायचा, अरे पोरांनो, ही गिटार माझी आहे. पोरं हसायची. "तुझी, म्हाताऱ्या? मग तुझं नाव कुठाय गाण्यात? मी पण मग राष्ट्राध्यक्ष!" एकदा तो माझ्या दुकानासमोरच भांडला त्यांच्याशी. माझ्याकडे बघून म्हणाला, "आगुतू, सांग की यांना. तुला ठाऊक आहे." मी पेन ड्राईव्ह पुसत म्हटलं, "मला काय ठाऊक? मला कामं आहेत." त्यानंतर तो कधी त्याबद्दल बोलला नाही. आणि मग बोलायचंच राहिलं.

"दानी," फिडेल हळूच म्हणाला, "रेकॉर्ड आहे का तुमच्याकडे? पुस्तक शुक्रवारी छापायला जाणार. त्यानंतर ते अज्ञात कायमचं अज्ञात राहील."

"गप बस!" मी खेकसले. त्याच्यावर का खेकसले देव जाणे. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष!

मागच्या खोलीत गेले. पेटी ओढली, वरच्या चादरी भिरकावल्या. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती होती. बाहेर आणली, जुना प्लेअर काढला, धूळ फुंकली. त्याला वायर जोडायला जागाच नव्हती, म्हणून पोराने स्पीकरसमोर आपला माईक ठेवला आणि लॅपटॉपवर भरायला लावलं.

मी तबकडी उलटी केली. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात एक खुळी आशा होती. हॉलमध्ये विसरला असेल, गडबडीत. रेकॉर्ड करताना आठवण झाली असेल. सदुसष्ट वर्षांची बाई मी, आणि छाती अशी धडधडत होती की लाज वाटावी.

गिटार सुटली. काय सांगू! फिडेलचं तोंड उघडं पडलं. ओमेनावाली दारात येऊन उभी राहिली. ओकुलोने आरोळी ठोकली, "वाजव, ओबुंगा! ओंगोरोच्या पोरा, वाजव!"

"ओबुंगा," फिडेल पुटपुटला. "ओबुंगा ओंगोरो. कुठले हे, दानी? कुणी नातेवाईक हयात असतील का?"

"मघाशी ज्याच्या मांडीवर बॅग ठेवलीस ना, त्यालाच विचार."

पोराने खुर्चीकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला की दुसऱ्या कुठल्या दिवशी मी पोट धरून हसले असते. तो तसाच जमिनीवर बसला, ओबुंगाच्या पायाशी.

माझं तिकडे लक्ष नव्हतं. तरुण ओबुंगा नावं घेत होता. आई. मामा. शिंपी. कंडक्टर. म्हातारी दारूवाली. हॉलचा राखणदार, हे नाव नवीन होतं. मी मोजत होते. शाळामास्तर. ओकुलोची सासू. प्रत्येक नावानंतर गिटार थोडी पळायची, आणि मी ओठ दाबून थांबायचे. तबकडी आत आत सरकत होती, आता दोन बोटं उरली, आता एक. नाहीच. मेल्याने नाहीच घेतलं.

"ऐकलंस?" मी ओबुंगाकडे वळून कडाडले. "ऐकलंस आपल्या कानांनी? राखणदार आठवला, तुला राखणदार! ज्या गिटारीवर उड्या मारतोयस ती कुणाच्या पाठीवरच्या वळांनी आली रे? तीन वर्षं! एका गायीपायी तीन वर्षं! आणि मी तुला लापशी भरवते, तुझे कपडे धुते, आणि तुझ्या तोंडून..."

ठक!

मी थांबले. ओबुंगाने डाव्या हाताने चहाचा पत्र्याचा कप उचलून टेबलावर आपटला होता. पुन्हा आपटला, ठक! ठक! बाटली ठोकतात तसा. फिडेलला काही समजेना. मला समजलं. मी झटक्यात सुई उचलली. गाणं थांबलं.

ओबुंगाच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. तोंड वाकडं झालं, लाळ हनुवटीवर आली. मी पुसायला पुढे झाले तर त्याने कप उगारून मला थांबवलं.

"आ... आगुतू," तो म्हणाला. मग बराच वेळ नुसता श्वास. "ओंगोरोची... लेक."

दारातली ओमेनावाली तोंडावर हात ठेवून उभी होती. त्याने डाव्या हाताने प्लेअरकडे बोट केलं.

"गिटार," तो म्हणाला. "आगुतूची... गाय."

आणि खुर्चीत मागे रेलला, घामाने भिजून.

मी रडले नाही. खोटं कशाला बोलू, रडले. पण राग गेला असं कुणी समजू नका. राग होता तिथंच होता. मी खांद्यावरच्या फडक्याने त्याची हनुवटी जरा जोरातच पुसली आणि म्हटलं, "सेहेचाळीस वर्षं लावलीस, मुडद्या. आणि गाणं थांबवलंस ना? मग थाळीत पैसे कोण टाकणार, तुझा राखणदार?"

त्याचा चेहरा एका बाजूने हसला. दुसरी बाजू हलतच नाही.

मी सुई पुन्हा टेकवली, उरलेली बोटभर गिटार वाजली आणि बाजू संपली. फिडेलने नाक ओढत लॅपटॉपवर बोटं चालवली.

"सगळं भरलं गेलं, दानी. मधला तो कपाचा आवाज आणि बोलणं मी काढून टाकतो. जोड कळणारसुद्धा नाही, इतकं स्वच्छ करतो."

"हात लावलास तर बोटं मोडीन," मी म्हटलं.

"पण दानी, ते मूळ गाण्यात नाहीये..."

"गाणं चालू होतं, माणसाने ठोकून थांबवलं आणि नाव घेतलं. आमच्याकडे त्यालाच गाणं म्हणतात. जसं भरलंय तसं छापायचं. ठक पण ठेवायची, त्याचा दम लागलेला पण ठेवायचा. माझं ओरडणंही राहू दे, मी काही खोटं बोलले नाही."

फिडेलने मान डोलावली. त्याने पुस्तकाचं ते पान उघडलं, अज्ञात खोडलं आणि लिहिलं, गिटार: ओबुंगा ओंगोरो. लॅपटॉप फिरवून म्हाताऱ्याला दाखवलं. ओबुंगाने वाचलं, आणि कप उचलून पुन्हा ठोकला. एकदाच. डोळे माझ्याकडे.

"त्याच्याखाली अजून एक ओळ टाक," मी फिडेलला म्हटलं.

"काय लिहू?"

"गाय: आगुतू, ओंगोरोची लेक."

"गाय?" तो हसला. "दानी, रेकॉर्डवर गायक लिहितात, गिटार, ढोल लिहितात. गाय कुणी लिहितं का?"

"तू लिही," मी म्हटलं, आणि तो टाईप करेपर्यंत त्याच्या डोक्यावर उभी राहिले.